हसणाऱ्यांचे गणगोत

लग्नघरात एक गृहस्थ सकाळपासून धावपळ करीत असतो. खिशात याद्या कोंबलेल्या, अंगात घामाने भिजलेला सदरा, एक कान आचाऱ्याकडे आणि दुसरा मुलीच्या आईकडे. त्याच्याकडे पाहून कुणीतरी म्हणतो, "हे आमचे नारायण!" आणि शेजारी बसलेला, कधी न पाहिलेला पाहुणा गालातल्या गालात हसतो. वस्तुतः त्या गृहस्थांचे नाव नारायण नसते. बोलणारा आणि हसणारा यांची गावे वेगळी, धंदे वेगळे. परंतु दोघांनीही पु. ल. देशपांडे यांचा 'नारायण' वाचलेला अथवा ऐकलेला असतो. त्या एका नावासरशी दोन परकी माणसे क्षणभर एका घरची होतात. पंगतीला मग ती शेजारी शेजारी बसतात, आणि जिलबी येईपर्यंत एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशीही होऊन जाते.

एखाद्या कलावंतावर, त्याच्या कलाकृतीवर जीव टाकणाऱ्यांचे असे जे गोत तयार होते, त्याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेक जण आज कुणाचे ना कुणाचे 'फॅन' आहेत. कुणी क्रिकेटपटूचे, कुणी दाक्षिणात्य नटाचे, कुणी कोरियातील बीटीएस या गायकसमूहाचे. तुमचे गट आहेत, तुमच्या खास थट्टा आहेत, त्या आम्हा प्राध्यापकांना कळत नाहीत. वडीलधारी मंडळी याला 'वेळेचा अपव्यय' म्हणून मोकळी होतात. मला मात्र असा निकाल द्यावासा वाटत नाही. कारण मी स्वतः एकलहऱ्याच्या वसाहतीत अशाच एका गोतावळ्यात वाढलो आहे, आणि त्याचे बरेवाईट दोन्ही पाहिले आहे.

वेड जुनेच आहे

चाहत्यांचे वेड हे आजचे नाही. 1893 साली ऑर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्स या आपल्या गुप्तहेराला एका कथेत कड्यावरून खाली लोटले, तेव्हा इंग्लंडमधील वाचक इतके संतापले की अनेकांनी ते मासिक घेणेच बंद केले. काही वर्षांनी लेखकाला होम्सला परत आणावे लागले. 1934 साली न्यूयॉर्क आणि लंडन येथे होम्सच्या चाहत्यांची मंडळे स्थापन झाली. होम्स हा प्रत्यक्षात होऊन गेलेला माणूस आहे असे गंभीर चेहऱ्याने गृहीत धरून त्याच्यावर विद्वत्तापूर्ण निबंध वाचायचे, हा या मंडळींचा लाडका खेळ. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर त्याच्या काल्पनिक घराच्या जागी एका पतसंस्थेची कचेरी उभी राहिली. तेथे होम्सच्या नावाने इतकी पत्रे येऊ लागली की त्यांना उत्तरे देण्यासाठी संस्थेला एक चिटणीस नेमावा लागला. त्या पत्रांत थट्टा असे. तशीच खरोखरीची अडचण सांगून मदत मागणारी पत्रेही असत. थट्टा आणि अडचण एकाच पेटीत पडत होती, हे मला विशेष वाटते.

आपल्याकडे हे वेड प्रथम नाटकाने लावले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांचे दोन तट होते. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी या दोघांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा दोन्ही तट एका छताखाली येऊन बसले. पुढे रेडिओ आला. 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली, आणि पुढे वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांच्या घरात गेला असे स्वतः सयानी सांगत. गावोगावी श्रोत्यांचे संघ निघाले. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' वर्षभर चालले. ज्या घरी रेडिओ असेल तेथे शेजारीपाजारी जमत. कित्येक घरांत रेडिओला हार घातला जाई.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. कलावंत दूर असतो. त्याची आणि चाहत्याची भेट बहुधा कधीच होत नाही. भेट होते ती चाहत्याची चाहत्याशी. म्हणजे प्रेम एकावर, पण सोयरीक जुळते ती भलत्याशीच!

पुलंचे गोत

मराठीत अशी सोयरीक सर्वांत दाट कुणाभोवती जमली असेल, तर ती पुलंभोवती. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1919 चा, आणि मृत्यू 12 जून 2000 चा. लेखक, नाटककार, नट, संगीतकार, वक्ता अशा अनेक अंगांनी ते मराठी माणसाला भेटले. 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाला 1965 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने 1958 साली आली, आणि 1961 पासून ते एकटे रंगमंचावर उभे राहून ती सादर करू लागले. एकच माणूस चाळीतली सारी बिऱ्हाडे उभी करतो, हे पाहायला तिकिटांसाठी रांगा लागत.

परंतु पुस्तक वाचणारे आणि नाटक पाहणारे शेवटी मर्यादितच. पुलंना खेड्यापाड्यांत, वसाहतींत, परदेशांत नेले ते ध्वनिफितींनी. ऐंशीच्या दशकात घरोघरी टेप रेकॉर्डर आले आणि 'म्हैस', 'अंतू बर्वा', 'रावसाहेब' यांच्या कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात फिरू लागल्या. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांच्या सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर या कॅसेटही गेल्या. घासून घासून फीत खरखरू लागली तरी कुणाचे अडत नसे. कारण पुढचे वाक्य ऐकणाऱ्याला पाठ असे.

पाठ असलेला विनोद पुन्हा ऐकून माणसे पुन्हा का हसतात? पहिल्यांदा ऐकलेला विनोद आपल्याला चकित करतो म्हणून आपण हसतो. दहाव्यांदा ऐकताना चकित होण्यासारखे काहीच उरलेले नसते. तेव्हा आपण हसतो ते शेजारी बसलेल्यासाठी. तोही आता हसणार हे आपल्याला ठाऊक असते, आणि आपल्याला हे ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक असते. देवळातील आरतीचे शब्द कुणी नवीन म्हणून म्हणत नाही. तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट नावांची. गावात बोलताना सदैव पुस्तकी भाषा वापरणारा मुलगा दिसला की तो 'सखाराम गटणे'. इतिहास आपण डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगणारे आजोबा म्हणजे 'हरितात्या'. मुलांवर पोटच्या मुलांसारखी माया करणारे जुने शिक्षक म्हणजे 'चितळे मास्तर'. या नावांनी एक लांबलचक वर्णन एका शब्दात आटोपते. शिवाय नाव ठेवूनही माणूस दुखावत नाही, कारण मूळ व्यक्तिचित्रातच त्या माणसाविषयी माया भरलेली आहे. थट्टा करायची पण माणूस टाकायचा नाही, ही पुलंची रीत त्यांच्या चाहत्यांच्या बोलण्यातही उतरली. जो समूह एखाद्या कलावंतावर प्रेम करतो, तो हळूहळू त्याच्या स्वभावाचा होऊ लागतो. म्हणून आपण कुणाचे चाहते व्हावे, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही.

एकलहऱ्याची बैठक

आता थोडे घरचे. नाशिक रोडपासून काही किलोमीटरवर गोदावरीच्या काठी एकलहरे येथे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. पहिले दोन संच 1970-71 च्या सुमारास सुरू झाले, आणि 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॅटचे आणखी तीन संच आले. पहिले दोन संच आता निवृत्त झाले आहेत. केंद्राबरोबर कामगारांची वसाहत आली. या वसाहतीची गंमत अशी की तेथे 'गाववाला' कुणीच नव्हता. कुणी वऱ्हाडातून, कुणी कोकणातून, कुणी साताऱ्याकडून आलेला. माझे वडील खानदेशातले. कोळसा विभागात कामाला. घरी आम्ही अहिराणी बोलत असू. पाळ्यांमुळे शेजाऱ्याशी गाठ पडणेही कठीण. एक झोपायला यायचा तेव्हा दुसरा डबा घेऊन निघालेला असायचा.

आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. बॉयलरवर काम. त्यांच्याकडे दोन स्पीकरचा टेप रेकॉर्डर होता. मी सातवीत असेन, म्हणजे 1987 चा सुमार. ज्या रविवारी त्यांची दुपार मोकळी असे, त्या रविवारी त्यांच्याकडे पुलंची कॅसेट लागे. पंधरा-वीस माणसे सतरंजीवर, बायका स्वयंपाकघराच्या दारात, आम्ही मुले खिडकीत. कधी वीज गेली की सारे एकदम हसत, कारण विजेच्या कारखान्याच्या दारातच दिवे जाणे हा आमचा स्वतःचा विनोद होता. त्याला पुलंची गरज नव्हती.

माझे वडील पहिल्या दोन बैठकींना गेले आणि परत येऊन गप्प बसले. आईने विचारले तेव्हा म्हणाले, "सगळे हसतात म्हणून मीबी हसलो." अंतू बर्व्याची ती कोकणी, तिरकस बोली त्यांच्या कानावरून निसटत होती. तिसऱ्या खेपेला ते जायला तयार होईनात. तेव्हा काकाच खाली आले. वडिलांना म्हणाले, "आबा, आज फीत मधेमधे थांबवतो. नाही समजलं तिथं विचारा. आम्हाला तरी खानदेशातलं काय समजतं? तुम्ही सांगा, आम्ही ऐकू."

त्या दिवशी कॅसेट निम्मीच झाली. फीत थांबवून कोकणातली एक गोष्ट समजावून सांगितली, की लगेच वडिलांना त्यांच्या गावचा कुणी तसाच वाकड्या जिभेचा म्हातारा आठवे. ते अहिराणीत सुरू होत, आणि आता कोकणातली मंडळी 'म्हणजे काय?' म्हणून विचारत. हळूहळू रविवारची बैठक अशीच होऊ लागली. अर्धा तास पुलं, आणि पुढे दोन तास वऱ्हाड, खानदेश, सातारा. ज्याला जे कळले नाही त्याने ते मोकळेपणी विचारावे, हा त्या घरचा रिवाज झाला. मी आज मराठी शिकवतो त्याचे मूळ त्या सतरंजीवर आहे असे मला वाटते.

नारायण

या बैठकीत एक फिटर येत असत. सडपातळ, सतत घाईत असणारे. कुणाच्या मुलाला शाळेत प्रवेश हवा, कुणाचा गॅस सिलिंडर संपला, कुणाचे पार्सल नाशिक रोड स्टेशनात अडकले, की हे सायकल घेऊन निघालेच. साहजिकच सर्व त्यांना 'नारायणराव' म्हणत. त्यांचे खरे नाव आम्हा मुलांना पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते.

1989 च्या पावसाळ्यात वडिलांना पोटाच्या दुखण्याने इस्पितळात ठेवावे लागले. शस्त्रक्रिया झाली. सव्वीस दिवस ते तिथे होते. आमचे सारे नातेवाईक खानदेशात. आईला शहराची सवय नाही. पहिल्याच रात्री नारायणराव आले. हातात वहीचे एक पान. त्यावर पुढील आठ दिवसांच्या रात्री लिहिलेल्या आणि प्रत्येक रात्रीपुढे एक नाव. रविवारच्या सतरंजीवर बसणाऱ्यांचीच ती नावे होती. कुणी पहिली पाळी करून येणार, कुणी आपली रात्रपाळी दुसऱ्याशी बदलून घेतलेली. रक्त देणाऱ्यांची दोन नावे तळाशी वेगळी लिहिलेली. सव्वीस दिवसांत एकही रात्र रिकामी गेली नाही. वडील घरी आल्यावर या मंडळींचे उपकार कसे फेडावे, असे आईने विचारले, तेव्हा एक जण म्हणाला, "वहिनी, आबा नसले की रविवारी निम्मीच मजा येते. आमच्या सोयीसाठीच बरं केलं त्यांना!"

एवढ्यावर ही कहाणी संपली असती तर ती फार सुखाची झाली असती. परंतु पुढचे सांगितल्याशिवाय लेख खरा होणार नाही. नारायणरावांचा थोरला मुलगा दारूच्या आहारी गेला होता. दोन-तीन वर्षे हे चालले होते. घरातली भांडी विकली जात होती. आणि वसाहतीत हे कुणालाही माहीत नव्हते! किंवा असे म्हणू या, की काहींना संशय होता पण कुणी विचारले नाही. नारायणराव आले की सारे हसून स्वागत करीत, एखादे काम सांगत, आणि ते निघून जात. ज्याला आपण नाव दिले, त्याच्याकडे पाहताना आपल्याला ते नावच दिसू लागले होते. पुलंच्या नारायणाचे जे दुःख, की लग्न पार पडते आणि राबणारा माणूस विसरला जातो, ते आम्ही शंभर वेळा ऐकले होते. ऐकून हळहळलोही होतो. आणि आमच्या डोळ्यांदेखत आम्ही तेच केले होते.

1991 साली एका रविवारी काकांनी 'नारायण' लावला. फीत संपली तेव्हा नारायणराव कोपऱ्यात रडत होते. प्रथम सर्वांना वाटले की ऐकून डोळे भरले असतील. मग माझे वडील उठले, त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि प्रथमच त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारून म्हणाले, "काय झालं ते सांगा. आज तुमचं ऐकायला बसलोत."

त्या बैठकीत कुणीतरी मुक्तांगणविषयी वाचले होते. पत्ता मिळाला. माझे वडील आणि काका रजा टाकून त्या मुलाला घेऊन पुण्याला गेले. तो एका खेपेत सुधारला नाही; दोनदा घसरला. दर वेळी पुन्हा नेण्यासाठी वहीचे पान निघाले, पण या वेळी ते दुसऱ्याने लिहिले.

हसण्यापासून आधारापर्यंत

मुक्तांगणचा पत्ता आमच्या बैठकीत कुणाला ठाऊक असावा, हा निव्वळ योगायोग नव्हता. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनाविषयी केलेले लेखन वाचून पुलं आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मोठ्या अर्थसाहाय्याने 1986 साली पुण्यात हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी त्याचा पाया घातला. प्रतिष्ठानचा पैसा कुठून आला? पुस्तकांतून आणि प्रयोगांतून. म्हणजे अखेरीस हसणाऱ्या प्रेक्षकांकडूनच. मुक्तांगणची पद्धतही आपल्या विषयाला धरून आहे. तेथे दाखल झालेल्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसे नव्याने आलेल्यांना आधार देतात, आणि व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात. ज्याने तेच भोगले आहे त्याचे बोलणे पटते, हे त्यामागचे साधे तत्त्व.

अन्यत्रही चाहत्यांनी अशी कामे केली आहेत. कन्नड नट राजकुमार यांनी 2006 साली आणि त्यांचे चिरंजीव पुनीत यांनी 2021 साली मृत्यूनंतर नेत्रदान केले. पुनीत यांच्यानंतर कर्नाटकात चाहत्यांनी नेत्रदानाचे अर्ज भरण्यासाठी गर्दी केली. 2020 च्या जूनमध्ये बीटीएसने अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तेव्हा त्यांच्या जगभरच्या चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम आपसांत गोळा केली.

हे कसे घडते? मदतीची अडचण बहुधा इच्छेची नसते, संकोचाची असते. देणाऱ्याला वाटते, आपण मधे पडावे का? घेणाऱ्याला वाटते, आपण कुठल्या नात्याने मागावे? एकत्र हसलेल्या माणसांचा हा संकोच आधीच थोडा मोडलेला असतो. ज्याच्यापुढे आपण पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, त्याच्यापुढे रडण्याची लाज कमी वाटते. 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक सारी हसवाहसवी झाल्यावर शेवटी 'एक चिंतन' या प्रकरणापाशी येते, आणि वाचणारा गंभीर होतो. आधी हसलेला नसता तर तो तिथपर्यंत पोचलाच नसता.

दुसरी बाजू

तथापि हे सारे आपोआप होते असे मानू नये. चाहत्यांची गोते आंधळीही होतात. 1987 साली एम. जी. रामचंद्रन यांचे निधन झाले तेव्हा तामिळनाडूत काही चाहत्यांनी आत्महत्या केल्या. आपल्या नटाला नावे ठेवणाऱ्यावर झुंडीने तुटून पडणारे चाहते आजही आहेत.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. ज्या विनोदाने आतले जवळ येतात, त्याच विनोदाने बाहेरचा अधिक बाहेरचा होतो. गिरगावातली चाळ, कोकणातली आळी, पुण्यातली पेठ हे पुलंचे जग. ते ज्याच्या अनुभवाचे नाही त्याने काय करावे? आमच्या वसाहतीत ठेकेदाराकडे राख वाहणारी माणसे होती, त्यांना त्या सतरंजीवर कुणी बोलावल्याचे मला आठवत नाही. 1978 साली दया पवारांचे 'बलुतं' आले, त्यातले मुंबईचे जग आणि बटाट्याची चाळ यांत अंतर थोडेच होते, पण एका जगातली माणसे दुसऱ्यात फारशी जात नव्हती. माझ्या वडिलांसाठी काकांनी फीत थांबवली. ज्यांच्यासाठी ती थांबली नाही अशी माणसे किती, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही.

अखेरीस

आज आमच्या त्या बैठकीतले बहुतेक जण निवृत्त होऊन आपापल्या मुलखाला गेले. काका वारले. टेप रेकॉर्डर कधीच भंगारात गेला. पुलंचे आवाज आता कुणालाही हातातल्या मोबाईलवर ऐकता येतात, आणि माझे काही विद्यार्थी 'म्हैस' तोंडपाठ म्हणून दाखवतात, याचा मला आनंदच आहे. कानात नळी घालून एकट्याने ऐकणे वाईट नाही. पण त्यात फीत थांबवून 'म्हणजे काय?' विचारायला कुणी नसतो.

तेव्हा मित्रहो, तुम्ही ज्यांचे चाहते असाल त्यांचे खुशाल व्हा. तुमच्या गटात खूप हसा. मात्र तीन गोष्टी पाहा. ज्याला विनोद कळला नाही त्याच्यासाठी कुणी थांबतो काय? कुणावर वेळ आली तर वहीचे पान घेऊन बसणारा कुणी आहे काय? आणि जो पान घेऊन बसतो, त्याची चौकशी कोण करतो?

गेल्या दिवाळीत मला साताऱ्याकडून एक फोन आला. आवाज ओळखीचा वाटेना. "मी नारायणरावांचा थोरला," तो म्हणाला. वडिलांना जाऊन दहा वर्षे झाली होती. तो स्वतः आता गावात व्यसन सोडू पाहणाऱ्या मुलांना पुण्याला पोचवण्याचे काम करतो. बोलता बोलता म्हणाला, "गावात मला सगळे नारायणच म्हणतात, सर. मी सांगून ठेवलंय, म्हणा, पण महिन्यातून एकदा घरी येऊन चहा प्यायचा."